अनुभवी माणूस मागणारा मोठा कुत्रा घरी आणताना

“वहिनी, राखणीला एक मोठं कुत्रं बघा की.” मला येणारे बहुतेक फोन याच वाक्यानं सुरू होतात. त्यावर मी आधी विचारते, राखण कशाची करायची आहे आणि कुत्र्याची राखण कोण करणार? दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं तरच पुढचं बोलणं होतं.

मी मच्छ्यात राहते, बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. अंगण मोठं आहे, म्हणून मालकांनी सोडून दिलेली मोठी कुत्री काही काळ आमच्याकडे राहतात आणि नवं घर मिळालं की तिकडे जातात. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन, कधी ग्रेट डेन, कधी मुधोळ, आणि या सगळ्यांच्या मिश्र जाती. पिल्लू हौसेनं आणलेलं असतं. दोन वर्षांत ते पस्तीस-चाळीस किलोचं होतं. मग पोराला बेंगळुरूला नोकरी लागते, जांबोटी रस्त्यावरचं फार्महाऊस विकलं जातं किंवा घरी आलेल्या पाहुण्याला कुत्रा चावतो. अशा कुत्र्याची माहिती देताना आम्ही ‘अनुभवी मालक हवा’ असं लिहितो. ते वाचून बरेच जण समजतात, अंगात ताकद हवी, आवाजात जरब हवी. आम्हाला ते म्हणायचं नसतं. कुत्रा काय सांगतोय ते ओळखून वेळेवर थांबता येणारा माणूस आम्ही शोधत असतो.

आधी विचारायचं ते

‘चावतो का?’ असं विचारलं की ‘छे, अजिबात नाही’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, ‘कधी चावला? कुणाला? तेव्हा काय चाललं होतं?’ जेवत असताना कुणी जवळ गेलं होतं का, झोपेत अंगावर पाय पडला का, गेट उघडं राहिलं होतं का? नुसता दात लागला की कातडी फाटली? एकदा चावून सोडलं की पुन्हा पुन्हा धरलं? पुन्हा पुन्हा धरणारा कुत्रा ही वेगळी गोष्ट आहे, त्याला हात घालायला खरोखरच जाणता माणूस लागतो. पण ताटाजवळ गेल्यावर एकदा ओरखडा काढलेला कुत्रा शहाण्या घरात छान राहू शकतो.

लहान मुलं, म्हाताऱ्या माणसांची काठी, सायकल, गल्लीतली कुत्री, मांजर, कोंबड्या, शेळ्या या सगळ्यांशी तो कसा वागतो, हे एकेक करून विचारा. गावात राहणार असाल तर कोंबड्या-शेळ्यांचा प्रश्न सर्वांत आधी. मुधोळ आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला. घोरपडे संस्थानिकांनी जपलेली ही जात, तिम्मापूरला तिचं संशोधन केंद्रही आहे. दिसायला हडकुळा, वजनानं रॉटवायलरपेक्षा बराच हलका. पण तो नजरेनं शिकार हेरणारा आणि वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा आहे. बांधावरून शेळी पळाली की मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. परक्यानं एकदम अंगाला हात लावलेलाही बहुतेक मुधोळांना चालत नाही. त्यामुळे ‘आकारानं बेताचा आहे, सोपा असेल’ असा हिशोब करू नका.

आणखी दोन गोष्टी. तो साखळीवर किती वर्षं होता? आणि त्याला कुठली भाषा कळते? आपल्या भागात याला फार महत्त्व आहे. कानडी घरातून आलेल्या कुत्र्याला ‘बस’ म्हणून सांगत राहिलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहील. ‘कुंद्रु’ म्हटलं की लगेच बसेल. ‘बा इल्ली’ म्हटलं की येईल. लष्करी क्वार्टर्समधली कुत्री हिंदी-इंग्रजीवर वाढलेली असतात. जुने शब्द लिहून घ्या आणि सुरुवातीला तेच वापरा. नावही बदलू नका. माणसं, घर, वास, सगळं बदललेलं असताना ओळखीचं तेवढं एकच त्याच्याकडे उरलेलं असतं.

लसीकरणाचं कार्ड मागा. रेबीजची लस दरवर्षी, आणि डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या रोगांची एकत्र लस. कार्ड नसेल तर लस झालेलीच नाही असं धरून डॉक्टरांकडून नव्यानं सुरुवात करा. नसबंदी झाली आहे का तेही विचारा.

भेटायला जाल तेव्हा

घरातले सगळे जा. दिवसभर घरी असणाऱ्या सासूबाई किंवा आई यांना तर न्यायलाच हवं, कारण दुपारी त्या कुत्र्याबरोबर त्याच असणार. एका भेटीवर ठरवू नका. पहिल्या दिवशी कुत्रा बावरलेला असतो आणि बावरलेला कुत्रा गरीब वाटतो.

समोर उभं राहून डोळ्यांत बघू नका. थोडं आडवं उभं राहा, हात खाली असू देत, त्याला यायचं तर येऊ दे. डोक्यावर हात फिरवायची घाई नको. आणि त्याचं अंग बघा. जांभया देणं, जीभ ओठांवरून फिरवणं, तोंड वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं ‘मला जरा जागा द्या’ असं सांगणं असतं. शेपटी हलते म्हणजे खूश आहे असं नाही. अंग सैल असेल, कंबरेपासून सगळा हलत असेल तर ठीक. शेपटी ताठ वर धरून नुसतं टोक हलत असेल तर मागे व्हा. आणि हलता हलता कुत्रा अचानक थिजला, श्वास धरल्यासारखा स्तब्ध झाला, तर तुम्हीही जागीच थांबा, नजर बाजूला करा आणि हळूच अंतर वाढवा. भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा थिजलेल्या कुत्र्याला मी जास्त मानते.

मग त्याला सांभाळणाऱ्या माणसासोबत रस्त्यावर फिरवा, निम्मा रस्ता दोरी तुमच्या हातात. समोरून दुसरा कुत्रा आला आणि तुम्ही याला धरून उभं राहू शकला नाहीत, तर ते मन मोठं करून मान्य करा. चाळीस किलोचं जनावर ओढायला लागलं की इच्छाशक्ती कामाला येत नाही. घरात ज्या ज्या माणसानं त्याला फिरवायचं आहे, त्या प्रत्येकानं हे करून बघायचं.

लहान मुलं असलेल्या घराला मी चावलेला मोठा कुत्रा देत नाही, कितीही गोड कुटुंब असलं तरी. भाड्याच्या घरात घरमालकाची लेखी परवानगी असल्याशिवाय देत नाही. दोन वर्षांत पुण्याला किंवा परदेशी जायचा बेत असेल तर मी त्यांना थांबायला सांगते. आणि ‘अंगणात बांधून ठेवू, रात्री सोडू’ म्हणणाऱ्यांना तर सरळ नाही म्हणते.

या शेवटच्या नकाराचं कारण भैरू. उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या शेडमधून तो आमच्याकडे आला, रॉटवायलर मिश्र. दिवसभर आखूड साखळी, रात्री मोकळा, असं त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं. साखळीवरच्या कुत्र्याला भीती वाटली तर पळता येत नाही, म्हणून तो पुढे झेपावायला शिकतो. लोक म्हणतात, वा, काय राखण करतो! तो राखण करत नसतो, घाबरलेला असतो. घाबरलेला कुत्रा ओळखीचा-अनोळखी असा भेदही करत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीनं गैरवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही त्याच कलमातला गुन्हा.

घराची तयारी

कुत्रा आणायच्या आधी राजमिस्त्री आणि वेल्डर यांची कामं उरकून घ्या. पाच फुटांची भिंत जर्मन शेफर्ड किंवा मुधोळ मनात आणलं तर ओलांडतो. सहा फूट हवी, आणि भिंतीला टेकून ठेवलेली लाकडं, पिंप, जुनी खुर्ची हलवा. गेटच्या खालची फट बंद करा. शक्य असेल तर दोन गेट करा, म्हणजे बाहेरचं उघडताना आतलं बंद राहतं. आमच्याकडे सोप्याला लोखंडी जाळीचं दार बसवलंय, त्यानंच अर्धी काळजी मिटली. दूधवाला, सिलिंडरवाला, हेस्कॉमचा मीटर वाचणारा, कुणालाही कुत्र्याच्या वाटेतून यावं लागू नये. मीटर आत असेल तर तो येण्याच्या दिवशी कुत्रा मागच्या खोलीत. पाटी मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा, येणाऱ्याला वाचता यायला हवी.

साहित्यात तीन वस्तूंवर पैसे वाचवू नका. छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस (छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्टा), पाच-सहा फुटांची जाड चामडी किंवा सुती दोरी, आणि जाळीची मुसकी. दोरी हार्नेसला आणि गळपट्ट्याला अशा दोन्ही ठिकाणी अडकवा, एक सुटली तरी दुसरी असते. मनगटाला गुंडाळू नका, झटका बसला तर हात निखळतो. मुसकी म्हटलं की लोकांना वाईट वाटतं. पण जाळीच्या मुसकीत कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड घट्ट आवळणारा कापडी पट्टा मात्र फिरायला नेताना लावू नका. कुत्रा धाप टाकूनच अंग थंड करतो, आणि अथणी-चिकोडीच्या उन्हात तोंड बांधलेला कुत्रा उष्माघातानं जाईल. मुसकीची सवय आधी खाऊ दाखवून लावायची. आत उकडलेल्या कलेजीचा तुकडा ठेवा, त्यानं आपणहून तोंड घालू दे. बरेच दिवस पट्टा लावूच नका.

पहिले दिवस

कुत्रा आला म्हणून पाहुणे बोलवू नका, अंघोळ घालू नका, सगळ्या गल्लीला दाखवू नका. एक खोली किंवा पडवीचा एक कोपरा द्या, खाली गोणपाट आणि वर जुनी वाकळ. खायला एकाच माणसानं द्यायचं. तो झोपला असेल तर लांबून नावानं हाक मारून जागं करायचं, हात लावून नाही. कुत्रा पाळणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशोब सांगतात. तीन दिवस भेदरलेला, तीन आठवड्यांत घराची पद्धत कळते, तीन महिन्यांनी खरा स्वभाव दिसतो. माझ्या अनुभवात साखळीवर वाढलेल्याला याहून जास्त लागतं. एक लक्षात ठेवा : दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुत्रा अचानक ‘बिघडला’ असं वाटतं. गेटवर धावतो, ताटावर गुरगुरतो. तो बिघडलेला नसतो, त्याला आता बोलायचा धीर आलेला असतो.

आणि इथेच बहुतेक घरं चुकतात. कुत्रा गुरगुरला की फटका देतात, नाकावर मारतात, उलथा पाडून दाबून धरतात. मार खाऊन कुत्रा गुरगुरणं सोडतो. भीती मात्र आत तशीच राहते. कुकरची शिट्टी काढून ठेवली म्हणून आतली वाफ कमी होत नाही. मग एक दिवस तो काही न सांगता चावतो, आणि लोक म्हणतात, ‘अचानक चावला ओ!’ म्हणून माझ्याकडून कुत्रा नेणाऱ्या प्रत्येकाला मी हे पुन्हा पुन्हा सांगते. तो गुरगुरला की तुमचा हात जिथे असेल तिथे थांबवा. मागे व्हा. कशामुळे गुरगुरला ते बघा आणि लिहून ठेवा. ती जागा, ती वेळ, ते माणूस. मग तीच गोष्ट लांबून, थोडी थोडी, खाऊ देत पुन्हा करा. हे जमतं तोच अनुभवी माणूस.

ताटाचं उदाहरण घ्या. ‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून जेवत्या कुत्र्याच्या ताटात हात घालायची पद्धत आपल्याकडे फार आहे. कृपा करून सोडा. तो जेवत असताना लांबून जा आणि जाता जाता चिकनचा तुकडा ताटाच्या दिशेनं टाका, थांबू नका. रोज असंच. काही आठवड्यांनी तुम्ही येताना दिसलात की तो मान वर करून वाट बघतो, कारण तुमचं येणं म्हणजे काहीतरी मिळणं हे त्याला पटलेलं असतं. भैरू आमच्या सासूबाईंना ताटाजवळ येऊ देऊ लागला तो असाच. त्यांनी त्याला कधी ‘काय रे’ म्हणून दरडावलं नाही, बाजूनं जाताना अंड्याचा तुकडा टाकत राहिल्या. तोंडात चप्पल धरली तर ओढाताण नको, काहीतरी चांगलं दाखवून अदलाबदल करा.

प्रशिक्षक लावणार असाल तर आधी त्याचं काम बघायला जा. ‘आठवड्यात वठणीवर आणतो’ म्हणणाऱ्याकडे, काट्यांचा किंवा विजेचा पट्टा वापरणाऱ्याकडे पाठवू नका. कुत्रा त्याच्याकडे ठेवून येण्यापेक्षा तो तुमच्या घरी येऊन तुम्हाला शिकवणार असेल तर उत्तम.

खाणं आणि दुखणी

पस्तीस किलोच्या कुत्र्याला कोरडं खाद्य दिवसाला साधारण ४०० ग्रॅम लागतं. घरचं द्यायचं तर भात किंवा नाचणी, चिकन, अंडी, भोपळा, गाजर. प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, नुसत्या ज्वारीच्या भाकरी-दुधावर एवढं अंग पोसत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नको. शिऱ्यातले मनुकेसुद्धा नकोत. शिजलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात.

खाणं दोन वेळांत विभागा आणि जेवल्यावर तासभर तरी पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्यांचं, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांचं पोट हवेनं फुगून पिळा बसतो. पोट ताशासारखं टणक, उलटीचा उमाळा येतो पण काही पडत नाही, कुत्रा एका जागी बसत नाही. असं दिसलं की सकाळची वाट बघू नका. तासाभराच्या उशिरानंही जीव जातो. रात्री कोण डॉक्टर फोन उचलतात आणि शस्त्रक्रिया कुठे होते, बेळगावात की धारवाड-कोल्हापूरला न्यावं लागेल, हे कुत्रा आणायच्या आधीच ठाऊक हवं. गाडीची सोयही.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पाऊस फार. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडी वाढतात. ताप, खाणं सोडणं, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त किंवा गडद लघवी दिसली तर गोचीडतापाची रक्ततपासणी करा. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो आणि तो माणसालाही होतो, म्हणून ती लस चुकवू नका. कानाची घडी आणि पायाची बोटं रोज कोरडी करा.

गणपती विसर्जनाची मिरवणूक, शिवजयंतीचे चित्ररथ, दिवाळी. बेळगाव शहरातल्या घराला हे दिवस आधी धरून चालावे लागतात. आतली खोली, पडदे, पंखा चालू, आणि घरातलं एक माणूस सोबत. फार घाबरणाऱ्यासाठी डॉक्टरांना दोन आठवडे आधी भेटा, औषध द्यायचं का ते ते सांगतील. त्या रात्री बाहेर फिरवायला नेऊच नका, फटाक्याला दचकून दोरी तोडून पळालेले कुत्रे हायवेवर सापडतात.

कागद

कुत्रा घेताना साधा लेखी करार करा : चावल्याचा इतिहास, लसीकरण, आणि जमलं नाही तर कुत्रा परत कुणाकडे द्यायचा. महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंदणीचा नियम विचारून घ्या. शेत चंदगड-गडहिंग्लजला असेल आणि कुत्रा तिकडेही राहणार असेल, तर तिकडचा नियमही, आणि लसीचं कार्ड गाडीत. रॉटवायलरबद्दल लोक अजून ‘बंदी आहे ना?’ विचारतात. केंद्र सरकारनं १२ मार्च २०२४ ला २३ जातींविषयी परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते १० एप्रिल २०२४ ला रद्द केलं. पण जबाबदारी रद्द झालेली नाही. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कुणाला दात लागलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. कुत्र्याची लस झालेली आहे म्हणून माणसाची लस टाळायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं.

जमलंच नाही तर परत द्या. यात नामुष्की काही नाही, आणि मी परत आलेल्या कुत्र्याच्या मालकाला कधी बोल लावत नाही. चोर्ला घाटात किंवा काकतीच्या पुढे हायवेला सोडून येणं मात्र गुन्हा आहे.

शेवटचं काम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : दुसरं माणूस तयार करणं. लग्नाला, पंढरपूरला, दवाखान्यात जावं लागतंच, आणि असा कुत्रा ऐन वेळी शेजाऱ्याच्या हातात देता येत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घराबाहेरचा एखादा भाऊ, भाचा किंवा मैत्रीण निवडा. त्यांनी आठवड्यातून एकदा यावं, आधी जाळीपलीकडून खाऊ द्यावा, मग तुमच्यासोबत फिरायला यावं, मग एकट्यानं फिरवावं. त्यांच्याकडे एक कागद द्या. किती खातो, कुठले शब्द कळतात, कुठे हात लावलेला चालत नाही, मुसकी कुठे टांगली आहे, डॉक्टरांचा नंबर. आणि एक रात्र त्याला त्यांच्या भरवशावर ठेवून बघा, तुम्ही गावातच असताना.